नव्याने बांधलेल्या इंजिनातून कूलंट गळते तेव्हा

प्रश्न : माझ्या जुन्या मोटारीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन नुकतेच पूर्ण उघडून नव्याने बांधून घेतले. ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) बिडाचा आहे आणि हेड (त्यावरचे झाकण) ॲल्युमिनियमचे. सिलिंडर रिबोर केले (आतून मोठ्या मापाला कोरले), हेडचे फेसिंग करून (यंत्रावर ते सपाट करून) घेतले, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सील), वॉटर पंप आणि सगळे रबरी होज (नळ्या) नवे बसवले. गाडी दोन-तीनशे किलोमीटर चालली असेल. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतील पातळी दर दोन-तीन दिवसांनी खाली जाते आणि सकाळी इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या जोडापाशी ओल दिसते. कारागिरांचे म्हणणे असे की, हेडचे बोल्ट आणखी थोडे आवळावेत, नाहीतर रेडिएटरमध्ये गळती बुजवणारी पावडर टाकावी. यांपैकी काय करावे?

उत्तर : तूर्त दोन्ही करू नका. गळती नेमकी कुठे आहे हे अजून कोणीच पाहिलेले नाही, आणि ते पाहण्याआधी पान्याला हात लावला तर जो दोष एखादी क्लिप आवळून गेला असता, त्यासाठी अख्खे हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते. नव्याने बांधलेल्या इंजिनातील गळतीचे एक वैशिष्ट्य असे की, तिचे कारण बहुधा झिजलेल्या भागात नसते. ते बांधणीच्या वेळी राहून गेलेल्या एखाद्या छोट्या गोष्टीत असते, म्हणजे नीट न पुसलेला जोड, तिरका बसलेला प्लग किंवा घाईत घट्ट केलेला बोल्ट. म्हणून शोधही त्याच क्रमाने, बाहेरच्या आणि सोप्या जागांपासून सुरू करावा.

ओल जिथे दिसते तिथेच गळती आहे असे धरून चालू नका. कूलंट ब्लॉकच्या कडेने, वायरींच्या आधाराने आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे व खाली वाहत जाते. गिअरबॉक्सच्या जोडापाशी साचलेले थेंब हेडच्या मागच्या टोकाला असलेल्या आउटलेटमधून, हीटरच्या होजच्या तोंडातून, हेड गॅस्केटच्या मागच्या कोपऱ्यातून किंवा ब्लॉकच्या मागच्या भिंतीतील कोअर प्लगमधून (भोकावरच्या पत्र्याच्या झाकणातून) आलेले असू शकतात. या चारही जागा एकमेकींच्या जवळ आहेत, पण त्यांच्या दुरुस्तीच्या खर्चात आणि श्रमात प्रचंड तफावत आहे. पहिल्या दोन जागांचे काम तासाभरात उरकते, तिसऱ्यासाठी हेड उतरावे लागते आणि चौथ्यासाठी अनेकदा गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील.

ही उकल करण्याचे खरे साधन म्हणजे प्रेशर टेस्टर. तो हातपंपासारखा असतो, रेडिएटर कॅपच्या जागी बसतो आणि त्यावर दाब दाखवणारी तबकडी असते. इंजिन पूर्ण थंड असताना पातळी भरून घ्या, इंजिनचा तो सगळा भाग धुऊन कोरडा करा आणि कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्या. बहुतेक मोटारींत तो ०.९ ते १.१ बारच्या आसपास असतो. त्याहून जास्त दाब देऊन चाचणी अधिक कडक होत नाही, नवाच बिघाड मात्र होऊ शकतो. मग पंधरा-वीस मिनिटे काट्याकडे पाहा आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन एकेक जोड तपासा. इंजिन बंद असल्यामुळे पंखा नाही, वारा नाही आणि वाफही नाही, त्यामुळे थेंब जिथून निघतो तिथेच दिसतो. कारागिरांकडे टेस्टर नसेल तर तो मिळवण्यासाठी एक दिवस थांबावे लागले तरी थांबा, इतके त्याचे मोल आहे.

काटा खाली जातो आणि बाहेर कुठेच ओल नाही, असे आढळले तर कूलंट आत कुठेतरी जात आहे. अशा वेळी दाब तसाच ठेवून सगळे स्पार्क प्लग काढावेत, काही तास जाऊ द्यावेत आणि मग इग्निशन व इंधनपुरवठा बंद ठेवून स्टार्टरने इंजिन क्षणभर फिरवावे. एखाद्या सिलिंडरमध्ये कूलंट उतरले असेल तर ते प्लगच्या भोकातून उडते, म्हणून तोंड दूर ठेवावे. उलट, काटा हलला नाही आणि ओलही दिसली नाही, तर हीच चाचणी इंजिन गरम केल्यावर बंद करून पुन्हा करावी लागते. काही गळत्या फक्त थंड असताना होतात, कारण रबर आणि धातू आकसल्यावर क्लिपची पकड सैल पडते. काही फक्त गरम झाल्यावर उघडतात. गरम इंजिनवर टेस्टर बसवण्यासाठी कॅप मात्र लगेच उघडू नये. आतले द्रव शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसते, आणि कॅप सैल होताच ते उसळून चेहऱ्यावर येते. वरचा होज हाताने सहज दाबता येईल इतका निवू द्यावा, मग कॅप जाड कापडाने धरून हळूहळू उघडावी. टेस्टर वापरूनही जागा सापडली नाही तर कूलंटमध्ये मिसळण्याचा चमकता रंग मिळतो. तो घालून गाडी एकदोन दिवस चालवावी आणि अंधारात अतिनील दिव्याखाली पाहावे.

आता एकेका जागेविषयी. होजच्या बाबतीत होज नवे असणे पुरेसे नाही. ज्या नळीवर तो चढतो ती गंजून खड्डे पडलेली असेल, तर कितीही आवळले तरी झिरपा राहतो. नळी बारीक एमरीने गुळगुळीत करावी आणि क्लिप नळीच्या उंचवट्यावर न येता त्याच्या आतल्या बाजूस बसेल असे पाहावे. स्क्रूच्या क्लिपा पहिल्या काही वेळा इंजिन गरम-थंड झाल्यावर एकदा हलकेच आवळाव्या लागतात, कारण नवे रबर दबते. स्प्रिंगच्या क्लिपा ही तडजोड आपणहून करतात.

थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट तापल्यावर उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप. तिच्या घराकडे मी विशेष लक्ष वेधेन, कारण बांधणी करताना थर्मोस्टॅट आपल्या खाचेतून किंचित सरकतो, कारागिराला ते कळत नाही, आणि दोन बोल्ट घट्ट करताना घराची कड वाकते किंवा तिला बारीक तडा जातो. असा जोड सिलिकॉनने बुजत नाही. सिलिकॉनचेही पथ्य आहे. दोन्ही पृष्ठभाग तेलरहित हवेत, थर पातळ हवा आणि डब्यावर दिलेला वेळ होईपर्यंत कूलंट भरू नये. जाड थर लावला तर बाहेर दिसतो तेवढाच तो आतही फुगतो, आणि त्याचे तुकडे सुटून रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत अडकतात. जिथे ओ-रिंग आहे तिथे ती बसवताना तेल किंवा ग्रीस न लावता कूलंटनेच ओली करावी. कूलंटसाठी वापरली जाणारी ईपीडीएम रबराची रिंग खनिज तेलाने फुगते.

वॉटर पंपाच्या पोटाला एक लहान छिद्र असते, ते मुद्दाम ठेवलेले असते. आतल्या सीलमधून सुटलेले द्रव बेअरिंगमध्ये न जाता त्या वाटेने बाहेर यावे, हा त्याचा हेतू. नवा पंप चालू झाल्यावर सीलचे दोन घासते पृष्ठभाग एकमेकांशी जुळेपर्यंत तिथे थोडी ओल दिसू शकते. पण शे-दोनशे किलोमीटरनंतरही थेंब पडत असतील तर पंप बदलून मागावा. ते छिद्र बुजवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून ब्लॉकच्या मागच्या भिंतीतील कोअर प्लगचा संशय घेणे भाग आहे. हे प्लग म्हणजे ब्लॉक ओतताना वाळूचा गाभा काढून टाकण्यासाठी राहिलेल्या भोकांवरची पत्र्याची झाकणे. इंजिन नव्याने बांधताना ती सहसा बदलतात, आणि भोकाची कड गंजमुक्त न करता किंवा प्लगच्या मापाचा ठोकणा न वापरता ती बसवली तर प्लग तिरका बसून एका बाजूने झिरपतो. मागच्या भिंतीतला प्लग बाहेरून दिसत नाही. बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या घराच्या) तळाशी झाकण किंवा निचऱ्याचे छिद्र असेल तर दाबाच्या चाचणीच्या वेळी त्यातून रंगीत कूलंट येते का, ते पाहा. तिथून तेल न येता कूलंटच येते आणि वरचा सगळा भाग कोरडा आहे, एवढे सिद्ध झाले तरच गिअरबॉक्स उतरवा. उतरवल्यावर मात्र तो एकच प्लग न बदलता मागचे सगळे बदलून घ्यावेत.

राहिला हेडचा प्रश्न. बोल्ट ‘आणखी थोडे’ आवळण्याला माझा विरोध का आहे ते सविस्तर सांगतो. बऱ्याच इंजिनांत हेडचे बोल्ट आधी ठरावीक टॉर्कला (मोजून दिलेल्या पिळाच्या जोराला) आवळून मग ठरावीक अंशांनी फिरवून बसवतात. ते मुद्दाम ताणले जातात आणि त्या ताणानेच हेड सर्वत्र सारख्या जोराने दाबून धरतात. असा बोल्ट आणखी फिरवला तर पकड वाढत नाही, बोल्ट लांबत जातो, आणि शेवटी तुटतो किंवा ब्लॉकमधले आटे घेऊन वर येतो. ज्या कोपऱ्यात ओल आहे तिथलेच दोन बोल्ट आवळले तर हेडवरचा दाब विषम होऊन गळती दुसऱ्या कोपऱ्यात सरकते. काही जुन्या इंजिनांत पहिल्या धावेनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क करण्याची सूचना असते, हे खरे. तुमच्या इंजिनच्या दुरुस्ती पुस्तिकेत ती असेल तर त्या क्रमाने आणि त्याच आकड्याने टॉर्क रेंच वापरून हे काम जरूर करावे. ती सूचना नसेल तर बोल्टांना हात लावू नये.

गॅस्केटचा कोपराच गळतो असे चाचणीत दिसले तर हेड उतरवावे लागेल, आणि तेव्हा केवळ नवे गॅस्केट टाकून परत बंद केले तर तीच गळती पुन्हा येईल. तुम्ही हेडचे फेसिंग करून घेतले, पण ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग कोणी सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पाती) लावून तपासला का? हे पुष्कळदा राहून जाते. दोन्ही पृष्ठभागांच्या सपाटीची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते, आणि अनेक इंजिनांत ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, ०.०५ च्या आसपास असते. पत्र्याच्या अनेक थरांचे गॅस्केट वापरले असेल तर पृष्ठभाग सपाट असून भागत नाही, तो जुन्या मऊ गॅस्केटला चालतो त्याहून पुष्कळ गुळगुळीत असावा लागतो. जुने गॅस्केट खरवडण्यासाठी फिरत्या यंत्रावरची खरखरीत चकती वापरली असेल तर ॲल्युमिनियमवर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात, शिवाय तिची भुकटी तेलाच्या वाटेने बेअरिंगपर्यंत पोचते. बिडाच्या तुलनेत ॲल्युमिनियम तापल्यावर जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन गरम-थंड होताना हेड गॅस्केटवर सूक्ष्मपणे घासत सरकते, आणि पृष्ठभाग खडबडीत असेल तर गॅस्केटवरचा पातळ लेप त्यात फाटतो. बोल्टांची भोकेही पाहावीत. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा कूलंट राहिले असेल तर बोल्ट त्या द्रवावरच अडतो, टॉर्क रेंच पूर्ण आकडा दाखवतो आणि हेड मात्र दाबले गेलेले नसते. जोर फार पडला तर ब्लॉकला तडाही जातो. आटे साफ करावेत, भोके हवेने कोरडी करावीत, एकदाच वापरायचे बोल्ट असतील तर नवे घ्यावेत, आणि मधून सुरुवात करून बाहेर जात, टप्प्याटप्प्याने, पुस्तिकेतल्या क्रमानेच आवळावे.

पावडरीबद्दल. ती विषारी आहे असे मी म्हणणार नाही. काही उत्पादकांनी स्वतःच्या ओतीव ब्लॉकमधला सूक्ष्म झिरपा थांबवण्यासाठी कारखान्यातच अशा गोळ्या टाकलेल्या आहेत. पण तिच्या कणांना गळतीचे भोक आणि हीटरच्या रेडिएटरची अरुंद नळी यांतला फरक कळत नाही. इतक्या कष्टाने आतून स्वच्छ केलेल्या इंजिनात, दोषाची जागा शोधता येत असताना, ती टाकणे मला अजिबात पटत नाही.

प्रश्न : इंजिन बांधून महिना झाला. बाहेर कुठेही ओल नाही, तरी कूलंट कमी होते. सकाळी सुरू केल्यावर थोडा वेळ एक सिलिंडर चुकतो (पेट घेत नाही), पांढरा धूर येतो आणि दोन-तीन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो. ऑइल भरण्याच्या टोपणाखाली पिवळसर साय दिसते. हेड गॅस्केट पुन्हा गेले का?

उत्तर : गॅस्केट गेले किंवा हेडला तडा आहे, या दोनपैकी एक असण्याची शक्यता दाट आहे. कूलंट अजून तापलेही नसताना होज कडक होतो, याचा अर्थ तो दाब उष्णतेचा नसून सिलिंडरमधल्या जळत्या वायूचा आहे. मात्र टोपणाखालच्या सायीवरून निष्कर्ष काढू नका. गाडी थोड्याच अंतरासाठी वापरली जात असेल तर हवेतले बाष्प तिथे निवून पाणी होते आणि अशी साय चांगल्या इंजिनातही जमते. डिपस्टिक ओढून पाहा. तिच्यावरचे तेल दुधाळ असेल किंवा तेलाची पातळी वाढलेली असेल, तर इंजिन पुन्हा सुरू करू नका. कूलंटमधले ग्लायकॉल तेलाचा थर मोडते आणि नवी बेअरिंग फार थोड्या वेळात खराब होतात.

खात्रीसाठी ब्लॉक टेस्टर वापरतात. टाकीच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रवातून ओढली जाते आणि तिच्यात जळलेला वायू असेल तर पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत द्रव पिवळा होतो. द्रवात कूलंटचा थेंब गेला तर चाचणी फसते, म्हणून पातळी आधी थोडी कमी करून घ्यावी. त्यानंतर कोणता सिलिंडर, हे लीक-डाउन चाचणी सांगते. त्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते पाहायचे. चारही प्लग शेजारी मांडून पाहिले तरी बराच उलगडा होतो, कारण ज्या सिलिंडरमध्ये पाणी जाते त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो.

दरम्यान एक धोका लक्षात ठेवा. रात्रभरात सिलिंडरमध्ये कूलंट साचले असेल आणि सकाळी स्टार्टर एकदम अडला, तर जोर करू नका, धक्का मारूनही सुरू करू नका. द्रव दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून मगच इंजिन फिरवावे. हेड उतरल्यावर ते थेट बसवण्याआधी मशीन शॉपमध्ये पाण्याच्या वाटा बंद करून, गरम पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तपासून घ्या. ॲल्युमिनियमच्या हेडला व्हॉल्व्हच्या दोन सीटांमध्ये जाणारा तडा थंड असताना डोळ्यांना दिसतोच असे नाही. खरे तर ही तपासणी पहिल्या बांधणीच्या वेळीच व्हायला हवी होती. जुने हेड तापून वाकले होते म्हणून इंजिन उघडले असेल, तर फेसिंगने ते सपाट होते, तडा मात्र तसाच राहतो.

प्रश्न : माझ्याकडे जुने व्ही-८ इंजिन आहे. नव्याने बांधल्यावर हेडच्या काही बोल्टांच्या वॉशरभोवती हिरवट थेंब दिसतात. गॅस्केट गळत असेल का?

उत्तर : बहुधा नाही. काही इंजिनांत, उदाहरणार्थ शेव्हर्लेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये, हेडच्या बोल्टांची भोके थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात. अशा बोल्टांच्या आट्यांना सीलंट लावावे लागते. ते राहिले तर कूलंट आट्यांच्या वाटेने वर चढून डोक्याखालून बाहेर येते. तुमचे बोल्ट पुन्हा वापरता येण्यासारखे असतील तर हेड न उतरवता दुरुस्ती होते. कूलंट हेडच्या पातळीखाली काढून घ्यावे, एका वेळी एकच बोल्ट काढावा, बोल्टचे आणि भोकाचे आटे स्वच्छ व कोरडे करावेत, सीलंट लावून तो ठरलेल्या टॉर्कला बसवावा आणि मगच पुढच्याला हात घालावा. इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. सुटे झालेले बोल्ट एकाच वेळी दोन असू नयेत.

प्रश्न : इंजिन बांधून कालच कूलंट भरले. आज पातळी बरीच खाली आहे, पण कुठेही गळती दिसत नाही. काळजी करावी का?

उत्तर : अजून नाही. कोरड्या इंजिनात कूलंट भरताना हेडमध्ये आणि हीटरमध्ये हवा अडकते, आणि ती बाहेर पडेल तसतशी पातळी उतरते. गाडीचे तोंड थोडे उंचावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर लावा, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर त्यातून सलग द्रव येईपर्यंत तो उघडा ठेवून सावकाश भरा. मग इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू द्या. वरचा होज एकाएकी गरम झाला की तो उघडला असे समजावे. तापमानाचा काटा मध्येच वर उसळत असेल तर इंजिन बंद करून निवू द्या, कारण हवेच्या कप्प्याभोवती हेड कोरडेच तापत असते. थंड झाल्यावर पातळी भरून टाकीवर खूण करा आणि हेच दोन-तीनदा करा. निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण ठेवा. गळती तपासण्यासाठी सुरुवातीला साधे पाणी भरले असेल तर ते आत राहू देऊ नका, कारण नव्याने यंत्रावर घासलेले बीड त्यात लवकर गंजते. काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, मुले व प्राणी ते पितात. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज येतो तोवर हीटरमध्ये हवा आहे. तो आवाज थांबल्यानंतरही थंड इंजिनातली पातळी खुणेच्या खाली जात राहिली, तर पहिल्या उत्तरात सांगितलेली दाबाची चाचणी करून घ्यावी.